हृद्रोगाचा भार आणि खानदेशातील लोकसमूह : वैद्यांपुढील एक प्रश्न

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेशाने आत्रेयांना विचारलेला प्रश्न आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय या सर्व बाबतींत माणसे परस्परांहून भिन्न असताना एकाच वेळी एकाच व्याधीने संपूर्ण जनपदाचा नाश कसा होतो, असा तो प्रश्न. वायू, उदक, देश आणि काल हे भाव सर्वांना समान असतात आणि ते विकृत झाले की व्यक्तिभेद मागे पडतो, असे उत्तर आचार्यांनी दिले. जनपदोद्ध्वंसाचा हा अध्याय आपण बहुधा साथीच्या ज्वरांच्या संदर्भात वाचतो. प्रस्तुत लेखात आम्ही तो हृद्रोगाच्या संदर्भात वाचू इच्छितो. कारण गेल्या तीन दशकांत आपल्या देशात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जे रूप धारण केले आहे, ते व्यक्तीच्या नव्हे तर जनपदाच्या व्याधीचे रूप आहे.

मात्र अग्निवेशाच्या प्रश्नाला आज एक पोटप्रश्न जोडावा लागतो. व्याधी सर्व जनपदात पसरलेली असली तरी तिचा भार सर्वांवर सारखा का पडत नाही? जळगावच्या बाजारपेठेतील व्यापारी, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील बागाईतदार, धुळ्याच्या यंत्रमागावरील कामगार, भुसावळचा पाळीने काम करणारा रेल्वे कर्मचारी, चाळीसगावकडून ऊसतोडणीला जाणारे जोडपे आणि सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा शेतकरी या सर्वांना हृदय एकच आहे. पण हृद्रोग झाल्यावर जगण्याची संधी एक नाही. या विषमतेची कारणे समजून घेणे आणि तीत आपली, म्हणजे गावोगावच्या वैद्यांची, भूमिका कोणती हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

रोगाचा भार म्हणजे काय?

‘भार’ हा शब्द आरोग्यशास्त्रात विशिष्ट अर्थाने वापरला जातो. एखाद्या समाजात किती जणांना रोग आहे, हे झाले त्याचे प्रमाण. त्या रोगाने किती जण दगावतात, हा झाला मृत्युदर. तथापि पंचेचाळीसाव्या वर्षी दगावलेला घरातील कर्ता पुरुष आणि पंच्याऐंशीव्या वर्षी निवर्तलेले आजोबा यांचे मृत्यू मोजताना एक-एकच मोजले, तर समाजाची खरी हानी लक्षात येत नाही. म्हणून अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि अपंगत्वात काढलेली वर्षे यांची बेरीज करून रोगाचा भार ठरविला जातो. पक्षाघातानंतर दहा वर्षे खाटेवर काढलेल्या रुग्णाचा हिशेब या पद्धतीतच लागतो.

या मोजणीनुसार भारताचे चित्र असे आहे. १९९० मध्ये देशातील एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होत होते. २०१६ मध्ये हे प्रमाण २८.१ टक्के झाले. याच काळात रुग्णांची संख्या सुमारे २ कोटी ५७ लाखांवरून ५ कोटी ४५ लाखांवर गेली. २०१६ मधील अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू सत्तरीच्या आतील माणसांचे होते. राज्यवार पाहता रोगाचे प्रमाण केरळ, पंजाब व तमिळनाडू येथे सर्वाधिक होते आणि त्यांच्या खालोखालच्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. म्हणजेच हा प्रश्न आपल्या दाराशी आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियातील रुग्णांत ५३ वर्षे, तर इतर देशांतील रुग्णांत सुमारे ५९ वर्षे आढळले. आपल्याकडे हा रोग सहा वर्षे आधी येतो. मुलांची शिक्षणे व्हायची असतात, मुलीचे लग्न ठरायचे असते, विहिरीचे कर्ज फिटायचे असते. अशा वयात तो येतो.

‘श्रीमंतांचा रोग’ हा समज

हृद्रोग हा बैठ्या, तुपातुपाच्या, श्रीमंत माणसाचा रोग आहे, हा समज समाजात आणि काही अंशी आपल्या वैद्यवर्गातही दृढ आहे. अंगमेहनत करणारा, भाकरी-ठेचा खाणारा माणूस त्यापासून सुरक्षित आहे, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक आता सोडून द्यावे लागेल.

१७ देशांतील दीड लाखाहून अधिक व्यक्तींचा पाठपुरावा करणाऱ्या ‘प्युअर’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत विलक्षण विसंगती दिसली. धोक्याचे घटक श्रीमंत देशांत सर्वाधिक होते आणि भारतासह गरीब देशांत सर्वांत कमी होते. तरीही हृद्रोग व पक्षाघाताच्या मोठ्या घटना गरीब देशांत सर्वाधिक घडल्या. अशी घटना घडल्यानंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के, तर गरीब देशांत १७.३ टक्के होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. धोका किती आहे एवढ्यावर मृत्यू ठरत नाही. धोका वेळीच ओळखला जातो का आणि रोग झाल्यावर उपचार मिळतात का, यावरही तो ठरतो.

देशांतर्गत चित्रही याहून वेगळे नाही. भारतातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांतून वीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद करणारा ‘क्रिएट’ हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र झटक्यानंतर तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के, तर गरीब रुग्णांत ८.२ टक्के आढळले. संशोधकांनी पुढे जाऊन उपचारांतील फरक हिशेबातून वजा केला, तेव्हा हा भेद नाहीसा झाला. गरिबाचे हृदय अधिक दुर्बल नव्हते. त्याला मिळालेला उपचार अपुरा होता.

ग्रामीण-शहरी भेदाविषयीही असेच म्हणावे लागते. देशभरातील मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी करणाऱ्या ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’तून २०१८ मध्ये असे दिसून आले, की तीस ते एकोणसत्तर या वयोगटात हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने होणारे मृत्यू ग्रामीण भागात झपाट्याने वाढले आणि २०१५ पर्यंत त्यांनी शहरांना मागे टाकले. रोग असल्याचे आधीच ठाऊक असलेल्या मृतांपैकी निदान निम्मे नियमित औषध घेत नव्हते, हेही त्याच अभ्यासात आढळले.

आपल्या राज्यातील उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी त्या जिल्ह्यातील ८६ गावांत मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे होते आणि इतर कोणत्याही कारणापेक्षा हा आकडा मोठा होता. पक्षाघाताने दगावलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी घरीच प्राण सोडला. हिवताप आणि कुपोषण यांसाठी ज्ञात असलेल्या जंगलपट्टीत पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण ठरावे, ही गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना विचार करावयास लावणारी आहे.

खानदेशातील लोकसमूह

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख आणि धुळे जिल्ह्याची सुमारे साडेवीस लाख होती. धुळे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण एकतृतीयांशाच्या जवळपास, तर जळगावात सुमारे १४ टक्के होते. या दोन जिल्ह्यांत तापी खोऱ्याची काळी बागाईत जमीन आहे, पारोळा-शिंदखेड्याकडील कोरडवाहू पट्टा आहे, साक्रीकडील डोंगराळ भाग आहे आणि उत्तरेस सातपुडा आहे. देशभेद, आहारभेद व कर्मभेद इतके स्पष्ट असलेला प्रदेश हृद्रोगाच्या हेतूंचा विचार करण्यास अत्यंत योग्य होय.

प्रथम शहरी व बागाईत समूह घेऊ. केळीपट्ट्यात ठिबक सिंचन आले, ट्रॅक्टर आला, मळ्यापर्यंत मोटारसायकल आली. पूर्वीच्या पिढीने दिवसभर पायी केलेले काम आज बसून होते. आहार मात्र पूर्वीच्याच मापाचा राहिला. त्यात ढाब्यावरची तर्रीदार शेवभाजी, पुन्हा पुन्हा तापविलेले तेल, पापड-लोणची आणि लग्नसराईतील जेवणावळी यांची भर पडली. कळण्याची भाकरी, भरीत, उडदाची डाळ हा मूळचा खानदेशी आहार आजही उत्तम आहे. दोष त्याच्यात नसून अव्यायाम, दिवास्वाप आणि अध्यशन यांत आहे. प्रमेह, मेदोरोग आणि उच्च रक्तदाब ही तिन्ही या समूहात एकत्र नांदतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह व ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला, हे येथे लक्षात घ्यावे.

दुसरा समूह पाळीने व यंत्रावर काम करणाऱ्यांचा. भुसावळचे रेल्वे कर्मचारी, वरणगावच्या आयुध निर्माणीतील कामगार, दीपनगर औष्णिक विद्युत केंद्रातील कामगार, धुळ्यातील यंत्रमाग व सरकी-जिनिंगमधील मजूर यांच्या जीवनात रात्रीजागरण, अवेळी भोजन, गोंगाट, धूळ आणि उष्णता ही नित्याची आहे. जागे राहण्यासाठी तंबाखू व चहा हा क्रम ठरलेला. अशा रुग्णाला ‘पथ्य पाळा’ एवढेच सांगून भागत नाही. त्याच्या पाळीच्या वेळा विचारून भोजनाच्या व औषधाच्या वेळा बसवून द्याव्या लागतात.

तिसरा समूह कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर व स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड मजुरांचा. यांचे वजन कमी, पोट खपाटीला गेलेले. म्हणून यांचा रक्तदाब मोजण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. वर्षातील काही महिने ते फडावर असतात. तेथे सुरू झालेले औषध गावी येईपर्यंत संपते आणि गावी सुरू झालेले फडावर संपते. रक्तदाबाचे औषध अधूनमधून घेणे म्हणजे न घेण्यासारखेच आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

चौथा समूह शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांच्या उत्तर भागातील पावरा, भिल्ल व तडवी बांधवांचा आणि साक्रीकडील आदिवासींचा. ज्वारी-मक्याची भाकरी, डोंगर चढणे-उतरणे, साधी राहणी ही यांची बलस्थाने. तथापि नऊ राज्यांतील आदिवासींच्या राष्ट्रीय पोषण पाहणीत प्रौढांपैकी सुमारे चतुर्थांश व्यक्तींना उच्च रक्तदाब आढळला होता. तंबाखू, मोहाची दारू आणि मिठाचा वापर ही कारणे समोर आहेतच. आदिवासी तरुणाच्या छातीत दुखत असेल तर सिकलसेल विकाराचाही विचार अवश्य करावा. त्यातील तीव्र वेदना व श्वासकष्ट हे स्वतंत्र संकट असते. याखेरीज बोराडी, वैजापूर किंवा पाल यांसारख्या गावांच्या पलीकडील पाड्यावरून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतचे अंतर हाही रोगाचा एक हेतूच समजला पाहिजे.

स्त्रियांचा वेगळा भार

या चारही समूहांतील स्त्रियांचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ, त्यांत १७ टक्के स्त्रिया, तंबाखूचे सेवन करताना आढळल्या. स्त्रियांमधील हे सेवन मुख्यतः धूरविरहित, म्हणजे मशेरी व खाण्याच्या तंबाखूचे असते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई ‘नाही’ असेच उत्तर देते. कारण तिच्या दृष्टीने ती दात घासते. म्हणून मशेरीविषयी नाव घेऊन विचारले पाहिजे. चुलीच्या धुराचा हृदयावर होणारा परिणामही आता सिद्ध झालेला आहे.

गरोदरपणात ज्या स्त्रीचा रक्तदाब वाढला होता, तिला पुढील आयुष्यात हृद्रोग व पक्षाघाताचा धोका अधिक असतो. बाळंतपण पार पडले की हा इतिहास विसरला जातो. आपण तो विचारून नोंदवून ठेवावा. दाटवस्तीतील गरीब घरांतून अजूनही आमवातिक ज्वरानंतर झडपांचे विकार जडलेल्या तरुणी येतात. सांधे सुजतात, बरे होतात आणि हृदय मात्र कायमचे दुखावते. अशा रुग्णांत दीर्घकाळ, ठरावीक दिवसांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे अंतःक्षेपण पुढील आघात टाळते. सांध्यांवर गुग्गुळ कल्पांचा उपयोग होत असला, तरी त्या कारणाने हे अंतःक्षेपण बंद करणे हा अपराध ठरेल. शिवाय स्त्रियांत हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीतील कळेऐवजी धाप, मळमळ, पाठ वा जबड्याचे दुखणे, कमालीचा थकवा अशा रूपात येतो. आणि दवाखान्यात नेण्याचा निर्णय घरातील पुरुष शेतातून परतल्यावर होतो.

संतर्पण आणि अपतर्पण

अतिपोषणाने होणारा रोग कुपोषितांना का व्हावा, हे कोडे उलगडण्यास आपले शास्त्र साह्यकारक होते. सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात संतर्पणजन्य व्याधींत प्रमेह व अतिस्थौल्य यांची गणना आहे. त्याच अध्यायात अपतर्पणजन्य व्याधींच्या यादीत हृदयव्यथेचा उल्लेख आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पाच प्रकार सांगताना वातज प्रकाराच्या हेतूंत शोक, उपवास, अतिव्यायाम व रूक्ष-अल्प भोजन यांचा अंतर्भाव केलेला आहे. मेदस्वी व्यापारी आणि कृश मजूर हे दोघेही हृद्रोगी होऊ शकतात, हे आचार्यांना अभिप्रेत होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासाने यावर नवा प्रकाश टाकला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. वजन, स्नायू व इतर अवयव कमी भरूनही आपल्या बालकांच्या अंगावरील चरबी तुलनेने टिकून होती. मातेच्या गर्भावस्थेतील अपतर्पणाने बालक अशी कृश-मेदस्वी घडण घेऊन जन्मास येते आणि पुढे थोडेसे संतर्पण होताच प्रमेह व हृद्रोगाकडे झुकते. म्हणूनच आपल्याकडे पोटाचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की काट्यावरील वजन कसेही असो, सावध व्हावे. गर्भिणी परिचर्या हीदेखील हृद्रोगाची चिकित्सा आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

‘गॅस’चे निदान आणि गमावलेले तास

आता आपल्या स्वतःच्या दोषाकडे वळू. ‘क्रिएट’ अभ्यासात वेदना सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यवर्ती काळ ३६० मिनिटे होता. रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळविणारे औषध सुरू होण्यास मात्र ५० मिनिटेच लागली. म्हणजे वेळ जातो तो रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचताना. हे सहा तास कोठे जातात? काही घरी, काही वाहनाच्या शोधात आणि काही आपल्या दवाखान्यात.

पन्नाशीचा शेतकरी येतो. ‘छातीमा जळजळ व्हस, जीव घाबरस,’ असे अहिराणीत सांगतो. रात्री लग्नाचे जेवण झालेले असते. आपण अम्लपित्ताचे निदान करतो, अविपत्तिकर वा सूतशेखर देतो, घाम पुसून त्याला घरी पाठवितो आणि पहाटे निरोप येतो. असा एकही प्रसंग आपल्या व्यवसायात घडला नाही, असे छातीवर हात ठेवून सांगणारे वैद्य आपल्यात थोडेच असतील. आम्हीही त्या थोड्यांत नाही. त्या रुग्णाच्या पत्नीने दुसऱ्या दिवशी आम्हांला दोष दिला नाही. ‘एवढंच आयुष्य होतं’ असे ती म्हणाली. तो शब्द आजही आम्हांला टोचतो.

यावर उपाय साधा आहे. तिशीच्या पुढील कोणत्याही रुग्णाची नाभीच्या वरची नवी वेदना, जळजळ, धाप, घाम किंवा घाबरेपणा हृदयाचा नाही असे ठरेपर्यंत तो हृदयाचाच मानावा. दहा मिनिटांत ईसीजी काढावा. यंत्र नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी आधीच संधान बांधून ठेवावे. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी वेदना चालू असेल तर रुग्णाला घरी पाठवू नये. हृदयविकाराची शंका असल्यास, रक्तस्रावाचा वा ॲलर्जीचा इतिहास नसताना, ज्यांना तसा अधिकार व प्रशिक्षण आहे त्यांनी ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅम गोळी चावून खाण्यास द्यावी आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या बारा तासांत, आणि त्यातही जितके लवकर तितके, उपयोगी पडते.

पक्षाघाताची रीत वेगळी आहे. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक आले की रुग्ण कधी शेवटचा बरा पाहिला होता ती वेळ लिहून घ्यावी. गुठळीचा पक्षाघात असल्यास औषधाची संधी साडेचार तासांची असते. मेंदूचा सी.टी. स्कॅन होईपर्यंत रक्तस्राव की अडथळा हे कळत नाही. म्हणून तोवर ॲस्पिरिन देऊ नये, तोंडावाटे काहीही पाजू नये आणि रक्तदाब घाईने उतरवू नये. स्नेहन, स्वेदन, नस्य व बस्ती यांचे स्थान तीव्र अवस्था उलटल्यानंतरचे आहे. तेथे मात्र आपण रुग्णाला पुन्हा उभा करण्यात मोलाची मदत करू शकतो.

आपल्या औषधांविषयी सावधानता

अर्जुनाचा वृक्ष आपल्या नदीकाठांवर सहज आढळतो आणि त्याच्या सालीविषयी आपल्याला सार्थ आदर आहे. इंदूर येथे ५८ पुरुष रुग्णांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थिर हृच्छूलात अर्जुनाचा लाभ दिसला. पण तो अभ्यास लहान व अल्पकालीन होता. हृद्दौर्बल्याच्या रुग्णांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात हृदयाच्या आकुंचनशक्तीत फरक आढळला नाही. म्हणून अर्जुन हे सहायक औषध म्हणून द्यावे. चालू असलेली औषधे बंद करून त्यांच्या जागी देऊ नये. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे लक्ष आपल्या वनस्पतीकडे गेले. काटेकोर नोंदींमुळेच हे घडले, हा बोध आपण घ्यावा. मनोविषाद असलेल्या रुग्णास सर्पगंधा देऊ नये, हेही त्याच नोंदींतून पुढे कळले.

नित्य वापरातील काही कल्पांकडे हृद्रोगाच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. लवणभास्कर चूर्ण व शंखवटी यांत लवणाचे प्रमाण मोठे असते. रक्तदाबाच्या रुग्णास ती महिनोन्‌महिने देणे म्हणजे पथ्य एका हाताने सांगून दुसऱ्या हाताने मोडणे होय. यष्टीमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. अविपत्तिकर चूर्णात शर्करा आणि अर्जुनारिष्टात गूळ आहे, हे प्रमेही रुग्णात ध्यानी असावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णास लसूण औषधी मात्रेत देताना रक्तस्रावाचा धोका विसरू नये.

खानदेशचा ग्रीष्म हाही विचारात घ्यावा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. मूत्रल औषधे घेणाऱ्या वृद्ध रुग्णांचा रक्तदाब या दिवसांत उतरू शकतो, चक्कर येते आणि रुग्ण सर्वच औषधे आपल्या मनाने बंद करतो. म्हणून चैत्र संपताच अशा रुग्णांना बोलावून रक्तदाब तपासावा आणि मात्रा ठरविणाऱ्या वैद्यकांकडून ती बदलून घ्यावी.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, तिशीच्या पुढील प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब, मग तो खरजेसाठी आलेला का असेना, वर्षातून एकदा मोजावा. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला आधार देऊन, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजावा. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा वेगवेगळ्या दिवशी आढळल्यास उपचार ठरवावा.

दुसरी गोष्ट, एक वही ठेवावी. तीत गाव, वय, व्यवसाय, तंबाखू-मशेरी, पोटाचा घेर, रक्तदाब आणि औषध चालू की बंद एवढे रकाने पुरेत. जे रुग्ण महिनाभर फिरकले नाहीत त्यांना निरोप पाठवावा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे आरंभी घेतले गेले. ठरावीक औषधयोजना आणि रुग्णाचा पाठपुरावा हाच त्याचा गाभा होता. ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबास जाण्यापूर्वी औषधांचा पुरेसा साठा व नोंदीचे कार्ड द्यावे.

तिसरी गोष्ट, मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवण्यास सांगते. आपल्या देशात सरासरी सेवन सुमारे ८ ग्रॅम आढळले आहे. आहारातील ठेचा वर्ज्य करण्यास सांगितले तर कुणी ऐकणार नाही. ठेच्यातील मीठ निम्मे करा असे सांगितले तर ऐकतील.

चौथी गोष्ट, योजनांची माहिती. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि २०२३ मध्ये ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय शासनाने घेतला. अँजिओप्लास्टी व बायपाससारखे उपचार तीत समाविष्ट आहेत. कोणते रुग्णालय योजनेत आहे आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले असावे. खर्चाच्या भीतीने शेतकरी घरी परततो, तेव्हा ही एक पाटी त्याचा जीव वाचवू शकते.

समारोप

फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ मध्ये लोकसहभागातून आहार, धूम्रपान व रक्तदाब यांवर काम सुरू झाले. पुढील साडेतीन-चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांतील हृद्रोगमृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. जनपदाचा व्याधी जनपदाच्या पातळीवर आवरता येतो, याचा हा पुरावा आहे.

चरकाचार्यांनी शिर, हृदय आणि बस्ती यांना प्रमुख मर्मे मानून त्यांच्या रक्षणास विशेष महत्त्व दिले. मर्माचे रक्षण करावयाचे ते सर्वांचेच. ज्याच्या घरी वाहन आहे त्याचेच नव्हे. पाड्यावरच्या माणसाला रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर तो प्रथम ज्या दाराशी येतो ते दार बहुधा आपलेच असते. त्या दाराशी तो किती वेळ थांबतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ते दार त्याला अडविणारे न ठरता पुढे नेणारे ठरो, एवढीच सर्व वैद्यबंधु-भगिनींना आमची विनंती आहे.

इति शम्।